‘कूट’ शब्द आणि ८,८०० श्लोकांचा आकडा: एक प्रकरण अभ्यास

महाभारताची वाढ कशी झाली हे सांगताना आपल्याकडे एक हिशेब ठरल्यासारखा दिला जातो. व्यासांचा मूळ ‘जय’ ८,८०० श्लोकांचा होता, वैशंपायनांनी जनमेजयाला ऐकवलेले ‘भारत’ २४,००० श्लोकांचे झाले आणि सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगितलेले ‘महाभारत’ एक लक्ष श्लोकांवर गेले, असा तो हिशेब आहे. व्याख्यानांत, प्रवचनांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि चांगल्या अभ्यासकांच्या लेखांतही तो याच क्रमाने येतो. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक निवेदक आणि एक आकडा, अशी त्याची मांडणी इतकी नेटकी आहे की तिच्यापैकी पहिला आकडा मुळात कशाचा होता, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत प्रकरण त्या पहिल्या आकड्याचे आहे. ज्या श्लोकात ८,८०० ही संख्या येते तो श्लोक ग्रंथाचा विस्तार सांगत नाही. ग्रंथातील अवघड श्लोक किती आहेत हे तो सांगतो. त्या अवघड श्लोकांसाठी परंपरेने वापरलेला शब्द ‘कूट’ आहे. हा शब्द कोठून आला, त्याला ‘समजायला कठीण’ हा अर्थ कसा चिकटला, तो ज्या उताऱ्यात येतो त्या उताऱ्याचे पाठचिकित्सेत, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या कामात, काय झाले आणि तरीही त्यातील आकडा दुसऱ्याच अर्थाने कसा टिकून राहिला, हे क्रमाने पाहिले म्हणजे एका संख्येमागे किती गुंतागुंत दडलेली असते ते दिसून येते.

उतारा

आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात, प्रचलित पाठानुसार, व्यासांच्या मनात काव्य पूर्ण रचून झाले आहे आणि ते शिष्यांना कसे शिकवावे या विचारात ते आहेत. ब्रह्मदेव त्यांच्याकडे येतात. व्यास त्यांना काव्याचा विषय सांगतात आणि अडचणही सांगतात: ‘परं न लेखकः कश्चिदेतस्य भुवि विद्यते’, म्हणजे हे लिहून घेणारा पृथ्वीवर कोणी नाही. ब्रह्मदेव गणेशाचे स्मरण करायला सांगून निघून जातात. स्मरण करताच गणेश प्रकट होतो आणि अट घालतो, की लिहिताना माझी लेखणी क्षणभरही थांबणार नसेल तरच मी लेखक होईन. व्यास उलट अट घालतात: ‘अबुद्ध्वा मा लिख क्वचित्’, अर्थ समजल्याशिवाय कोठेही काही लिहायचे नाही. गणेश ‘ओम्’ म्हणतो आणि लेखक होतो.

गणपतीने लेखणी मोडल्यावर स्वतःचा दात उपटून लिहिणे चालू ठेवले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते; मात्र या उताऱ्यात दाताचा उल्लेख नाही. येथे सगळा भर दोन अटींवर आणि त्या अटींमधून व्यासांनी काढलेल्या वाटेवर आहे. ती वाट पुढील श्लोकांत सांगितली आहे आणि आपल्या प्रकरणाचा सगळा पुरावा याच चार श्लोकांत असल्यामुळे ते मुळातून देणे भाग आहे:

ग्रन्थग्रन्थिं तदा चक्रे मुनिर्गूढं कुतूहलात् ।
यस्मिन्प्रतिज्ञया प्राह मुनिर्द्वैपायनस्त्विदम् ॥
अष्टौ श्लोकसहस्राणि अष्टौ श्लोकशतानि च ।
अहं वेद्मि शुको वेत्ति संजयो वेत्ति वा न वा ॥
तच्छ्लोककूटमद्यापि ग्रथितं सुदृढं मुने ।
भेत्तुं न शक्यतेऽर्थस्य गूढत्वात्प्रश्रितस्य च ॥
सर्वज्ञोऽपि गणेशो यत्क्षणमास्ते विचारयन् ।
तावच्चकार व्यासोऽपि श्लोकानन्यान्बहूनपि ॥

भावार्थ असा: मग मुनींनी कुतूहलाने ग्रंथात गूढ गाठी घातल्या आणि त्यांच्याविषयी प्रतिज्ञेने सांगितले की, आठ हजार आठशे श्लोक मला कळतात, शुकाला (व्यासांच्या पुत्राला) कळतात, संजयाला कळतात की नाही कोण जाणे. ते श्लोककूट इतके घट्ट गुंफलेले आहे, की अर्थाच्या गूढतेमुळे ते आजही भेदता येत नाही. सर्वज्ञ गणेशसुद्धा क्षणभर विचार करीत थांबे आणि तेवढ्या अवकाशात व्यास आणखी पुष्कळ श्लोक रचून ठेवीत.

हे चारही श्लोक एकत्र वाचले तर ८,८०० हा मूळ ग्रंथाचा विस्तार असूच शकत नाही, हे उताऱ्यातच स्पष्ट होते. पहिल्या श्लोकात ‘ग्रंथग्रंथी’ म्हणजे ग्रंथातल्या गाठी हा विषय सांगितला आहे आणि संख्या लगेच त्या पाठोपाठ येते. ती गाठींची संख्या आहे. शेवटच्या श्लोकात ‘अन्यान्’ हा शब्द आहे. गणेश अडखळला असताना व्यासांनी ‘अन्य’ श्लोक रचले, म्हणजे गाठींचे श्लोक वेगळे आणि बाकीचे सरळ श्लोक वेगळे, अशी विभागणी रचनाकाराच्या मनात आहे. ८,८०० हाच सगळा ग्रंथ असता, तर हे ‘अन्य’ श्लोक उरले कोठे? संजयाविषयीचे वाक्यही विचार करण्यासारखे आहे. युद्धाची चार पर्वे धृतराष्ट्राला संजयाच्या तोंडून ऐकू येतात. संपूर्ण मूळ काव्यच संजयाला समजले की नाही याची शंका व्यासांना असती, तर त्या काव्याचा मध्यभागच संशयात पडला असता. काही निवडक श्लोकांबद्दल मात्र अशी शंका सहज संभवते.

शब्द

‘कूट’ या शब्दाची गंमत अशी आहे की त्याला एकच मूळ अर्थ दाखवता येत नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या भागात, त्याचे अर्थ एका श्लोकात भरले आहेत: ‘मायानिश्चलयन्त्रेषु कैतवानृतराशिषु । अयोघने शैलशृङ्गे सीराङ्गे कूटमस्त्रियाम् ॥’ माया, अचल वस्तू, सापळा, कपट, असत्य, रास, लोखंडी घण, पर्वताचे शिखर आणि नांगराचा एक भाग, असे हे नऊ अर्थ आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो मोगरी किंवा घण अशा अर्थाने येतो. शिखराचा अर्थ आपल्याला चित्रकूट, त्रिकूट या नावांतून ओळखीचा आहे आणि राशीचा अर्थ दिवाळीनंतरच्या अन्नकूटातून. टर्नर यांच्या इंडो-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात ‘कूट’ या रूपाच्या वेगवेगळ्या क्रमांकांनी स्वतंत्र नोंदी केल्या आहेत, म्हणजे एकाच उच्चारात वेगवेगळे शब्द येऊन मिसळले असावेत असे मानले आहे. हे मत मला पटते, कारण घण आणि खोटेपणा, शिखर आणि सापळा यांना एका धाग्यात ओवण्याचा प्रयत्न केला की तो ओढूनताणून केल्यासारखाच होतो.

येथेच एक खुलासा करायला हवा. आपण स्वयंपाकघरात ‘दाण्याचे कूट’ म्हणतो तो शब्द ‘कुटणे’ या क्रियापदाशी आणि संस्कृत ‘कुट्ट्’ या धातूशी संबंधित आहे. कूटश्लोक म्हणजे कुटून कुटून अर्थ काढावा लागतो असा श्लोक, अशी व्युत्पत्ती कधीकधी कौतुकाने सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे, पण तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आपल्याला उपयोगी पडणारा धागा कपट आणि असत्य यांचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणारा तो ‘कूटरूपकारक’ आहे, धर्मशास्त्रात खोटी साक्ष देणारा ‘कूटसाक्षी’ आहे, आणि छळाने केलेले युद्ध ते ‘कूटयुद्ध’. या सर्व ठिकाणी वस्तू वरून एक दिसते आणि आतून दुसरीच असते. शंकराचार्यांनी गीतेच्या बाराव्या अध्यायातील ‘कूटस्थ’ शब्दावर भाष्य करताना ही व्याख्या फार नेमकेपणाने केली आहे: ‘दृश्यमानगुणम् अन्तर्दोषं वस्तु कूटम्’, म्हणजे जिचा गुण बाहेर दिसतो आणि दोष आत असतो ती वस्तू कूट. लगेच ते ‘कूटरूप’ आणि ‘कूटसाक्ष्य’ ही लोकप्रसिद्ध उदाहरणे देतात. पंधराव्या अध्यायात हाच शब्द पुन्हा आल्यावर ते राशीसारखा स्थिर राहिलेला असा एक अर्थ देतात आणि दुसरा पर्याय म्हणून माया, वंचना, जिह्मता, कुटिलता हे पर्यायशब्द मांडतात. एकाच भाष्यकाराला एकाच ग्रंथात ‘कूट’चे दोन वेगळे उलगडे द्यावेसे वाटले, यावरून हा शब्द त्या काळीही किती अनेकार्थी होता हे कळते.

कूटश्लोकाच्या बाबतीत ही व्याख्या उलटी करून घ्यावी लागते. खोट्या नाण्याचा गुण बाहेर असतो आणि दोष आत. कूटश्लोकाचा दोष बाहेर असतो: तो ऐकताना व्याकरण बिघडल्यासारखे, अर्थ तुटल्यासारखे किंवा भलतेच काही म्हटल्यासारखे वाटते. त्याचा गुण मात्र आत असतो. समान काय आहे, तर बाहेरचे आणि आतले यांतला फरक, आणि वाचणाऱ्याला फसवण्याची शक्ती. ‘समजायला कठीण’ हा अर्थ या फसवणुकीतून आला आहे. म्हणूनच दुर्बोध, क्लिष्ट, गहन आणि कूट हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. दुर्बोध म्हणजे ज्याचा बोध होणे कठीण. ते कठीण का आहे हे तो शब्द सांगत नाही. गहन विषय त्याच्या खोलीमुळे कठीण असतो आणि क्लिष्ट वाक्य रचनेच्या ओढाताणीमुळे. कूट हे मुद्दाम कठीण केलेले असते आणि त्याची किल्ली त्यातच ठेवलेली असते.

मराठीने हा अर्थ जपला आहे. कूटप्रश्न म्हणजे उत्तर असलेला, पण सरळ न दिसणारा प्रश्न. मुक्ताबाईंच्या नावावर असलेला ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्याशीं’ हा अभंग कूट म्हणून ओळखला जातो, कारण त्यातले चित्र वरून अशक्य आहे आणि आतून साधकाच्या अनुभवाकडे बोट दाखवते. अलीकडे संगणकावरील गुप्त संदेशासाठी ‘कूटबद्ध’ हा शब्द रूढ होत आहे, आणि तोही याच परंपरेतला आहे; किल्लीशिवाय तो मजकूर उघडत नाही.

आता उताऱ्यातील ‘तच्छ्लोककूटम्’ या पदाकडे पुन्हा पाहावे लागते. व्याकरणाच्या दृष्टीने ‘श्लोककूट’ याचा साधा अर्थ ‘श्लोकांची रास’ असाही होऊ शकतो, कारण अमरकोशाने राशी हा अर्थ दिलाच आहे. तसे घेतले तर ८,८०० श्लोकांचा तो समूह आजही भेदता येत नाही, असे वाक्य होते. मला स्वतःला वाटते की रचनाकाराने येथे दोन्ही अर्थ जाणूनबुजून एकत्र ठेवले असावेत. ‘भेत्तुम्’ हे क्रियापद शिखराला आणि तटबंदीला जसे लागू पडते तसे गाठीलाही लागू पडते, आणि ज्या उताऱ्याचा विषयच शब्दांतले लपलेले अर्थ हा आहे, त्यात हा शब्द एकाच अर्थाने आला असेल असे मानवत नाही. मात्र कोणताही अर्थ घेतला तरी ८,८०० ही संख्या ‘गूढ’ श्लोकांचीच राहते.

एक गाठ सोडवून

कूटश्लोक प्रत्यक्षात कसा चालतो हे एका उदाहरणावरून पाहणे आवश्यक आहे. नाहीतर ‘गूढ’ या शब्दामागे अध्यात्मातले काही रहस्य असावे असा समज होतो. विराटपर्वात कौरवांनी मत्स्यदेशाच्या गाई पळवल्या आहेत. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन उत्तराला घेऊन समोर येतो. द्रोणाचार्य त्याला ओळखतात आणि भीष्मांना सावध करतात. पण हे इतरांच्या कानांवर सरळ पडू नये म्हणून ते असे बोलतात, असे टीकाकार सांगतात. प्रचलित पाठातील तो श्लोक पोथीत अक्षरे सलग असताना कानाला असा पडतो:

नदीजलं केशवनारिकेतुर्नगाह्वयो नाम नगारिसूनुः ।
एषोऽङ्गनावेषधरः किरीटी जित्वा वयं नेष्यति चाद्य गावः ॥

‘नदीचे पाणी’, मग केशव, मग नारी, मग ध्वज. पुढे ‘जिंकून आम्ही नेईल आज गाई’. ‘आम्ही’ आणि ‘नेईल’ यांचा मेळ बसत नाही, आणि ‘गावः’ हे रूप कर्त्याचे असल्यामुळे गाईच कोणाला तरी नेत आहेत की काय असे वाटते. ऐकणारा हा श्लोक अशुद्ध म्हणून सोडून देईल. अक्षर एकही न बदलता पदे वेगळी तोडली की चित्र पालटते: ‘नदीज, लंकेशवनारिकेतुः’, आणि दुसऱ्या ओळीत ‘जित्वा अव यं नेष्यति च अद्य गाः वः’.

‘नदीज’ ही हाक आहे. नदीपासून जन्मलेला, म्हणजे गंगापुत्र भीष्म. लंकेश म्हणजे रावण, त्याचे वन म्हणजे अशोकवन, त्या वनाचा अरी म्हणजे मारुती, आणि तो ज्याच्या ध्वजावर आहे तो अर्जुन. ‘नग’ म्हणजे जो जागचा हलत नाही तो. त्यामुळे या शब्दाचा अर्थ वृक्षही होतो आणि पर्वतही होतो. ‘नगाह्वय’ म्हणजे वृक्षाचे नाव असलेला, कारण अर्जुन हे एका वृक्षाचे नाव आहे. आपण त्याला अर्जुनसादडा म्हणतो. त्याच ओळीत ‘नगारि’मध्ये मात्र नग म्हणजे पर्वत, आणि पर्वतांचे पंख छाटणारा त्यांचा शत्रू इंद्र, त्याचा पुत्र पुन्हा अर्जुनच. स्त्रीवेष घेतलेला हा किरीटी आज ज्याला जिंकून तुमच्या गाई घेऊन जाईल, त्याचे, म्हणजे दुर्योधनाचे, रक्षण कर. ‘अव’ हे ‘रक्षण कर’ अशा अर्थाचे आज्ञार्थी रूप ‘वयं’ या भासमान शब्दात लपून बसले होते.

या एका श्लोकात कूटरचनेची मुख्य साधने दिसतात. संधीमुळे पदांच्या सीमा पुसल्या जातात, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी योजले जातात, आणि व्यक्तीचे नाव न घेता नात्यांच्या साखळीतून तिची ओळख करून दिली जाते. यातील काहीही तत्त्वज्ञानाच्या अर्थाने खोल नाही. श्लोक उलगडला की निरोप अगदी सरळ आहे: हा अर्जुन आहे, दुर्योधनाला सांभाळा. गणेशाला क्षणभर थांबवायला एवढी गाठ पुरेशी आहे.

याच जातीचा ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’ हा श्लोक सुभाषितांतून फिरतो. त्यात ‘के शवं’ म्हणजे पाण्यात प्रेत, द्रोण म्हणजे कावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. तो लोकप्रिय इतका आहे की महाभारतातला कूटश्लोक म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो सुभाषित म्हणूनच ओळखावा.

पोथ्यांची साक्ष

अशा श्लोकांवर पिढ्यान् पिढ्या काम झाले आहे. विमलबोध या टीकाकाराची टीका तर अवघड श्लोकांपुरतीच आहे आणि ‘विषमश्लोकी’, ‘दुर्घटार्थप्रकाशिनी’ ही तिची नावेच तिचे प्रयोजन सांगतात. महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेला टीकाकार म्हणजे नीलकंठ चतुर्धर. गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातला हा पंडित १७व्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत राहून ‘भारतभावदीप’ लिहीत होता. निरनिराळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या गोळा करून उत्तम पाठ निश्चित करूनच आपण टीकेला आरंभ करीत आहोत, असे तो सुरुवातीला सांगतो. पुढे छापखाने आले तेव्हा त्याच्या टीकेसह असलेला पाठच सर्वत्र पसरला. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसनेही तो छापला. आज सामान्य वाचक ज्याला महाभारत म्हणतो ते बहुधा या नीलकंठी पाठावर उभे आहे, आणि गणेशाचा उतारा त्याच पाठात आहे.

तो सर्व पोथ्यांत आहे का, हा प्रश्न मॉरिझ विंटर्निट्झ यांनी १८९८ साली एका स्वतंत्र लेखात उपस्थित केला आणि दक्षिणेकडील हस्तलिखितांत गणेश लेखक होत नाही हे दाखवले. त्यानंतर पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि त्यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम अशा लिप्यांतील पोथ्या ओळीने मांडून, प्रत्येक श्लोकाचा पाठ कोणत्या पोथीत कसा आहे हे नोंदवून, जे वेगवेगळ्या धारांत समान आहे ते मुख्य पाठात घ्यायचे आणि जे एखाद्याच धारेत आहे ते तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९६६ साली हे संपूर्ण कार्य सिद्धीस गेले तोवर १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली होती. एका संस्थेने, तेही पगार आणि कागद यांची नेहमी ओढ असलेल्या काळात, जवळजवळ अर्धे शतक हे व्रत चालवले, याबद्दल प्रत्येक मराठी माणसाने कृतज्ञ असावे असे मला मनापासून वाटते.

या पद्धतीच्या कसोटीवर ब्रह्मदेव आणि गणेश यांचा उतारा टिकला नाही. तो मुख्य पाठातून निघून आदिपर्वाच्या परिशिष्टात गेला, आणि त्याच्याबरोबर ‘अष्टौ श्लोकसहस्राणि’ हा श्लोकही गेला. तो नष्ट केलेला नाही; परिशिष्टात संपूर्ण छापलेला आहे आणि कोणत्या पोथ्यांत आढळतो हेही तेथे दिले आहे. उतारा फार अर्वाचीन आहे असेही म्हणता येत नाही. अल्बेरुनी या मध्य आशियातून आलेल्या विद्वानाने १०३०च्या सुमारास लिहिलेल्या भारतवर्णनात ही कथा आहे: विनायकाने लेखणी थांबवायची नाही, समजल्याशिवाय लिहायचे नाही, आणि व्यासांनी त्याला विचार करायला लावणारी वाक्ये सांगून मधल्या वेळात विश्रांती घ्यायची. म्हणजे ११व्या शतकाच्या पूर्वार्धात कूटश्लोकांची कल्पना उत्तर भारतात चांगली रुजलेली होती. फक्त ती सर्व धारांच्या समान पाठाचा भाग नव्हती.

आकडा कसा सरकला

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. १९व्या शतकात युरोपीय अभ्यासक महाभारताचे थर शोधू लागले, तेव्हा त्यांना ग्रंथातूनच दोन भक्कम खुणा मिळाल्या. आदिपर्वात स्पष्ट म्हटले आहे की व्यासांनी उपाख्यानांवाचून २४,००० श्लोकांची भारतसंहिता केली. हा श्लोक चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठातही आहे. लक्ष श्लोकांसाठी ग्रंथाबाहेरचा पुरावाही आहे, कारण उच्चकल्पचा राजा शर्वनाथ याच्या ६व्या शतकातील ताम्रपटात महाभारताला ‘शतसाहस्री संहिता’ म्हटले आहे. दोन पायऱ्या मिळाल्यावर तिसरी शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. त्याच अध्यायात ८,८०० ही संख्या समोर होती, आणि ‘जयो नामेतिहासोऽयम्’ या वचनामुळे ‘जय’ हे नावही हाताशी होते. आर्थर मॅकडोनेल यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात २४,००० श्लोकांच्या जोडीला मुळातले ८,८०० श्लोक येतात. तेथून तो आकडा पाठ्यपुस्तकांत उतरला आणि भारतीय भाषांत परतला.

या सरकण्यात अप्रामाणिकपणा कोठेच नव्हता. काव्याचा गाभा लहान असावा आणि तो वाढत गेला असावा, ही कल्पना आजही योग्यच आहे. चूक झाली ती श्लोक सुटा काढण्यात. ‘अष्टौ श्लोकसहस्राणि’ ही ओळ मागच्या ‘ग्रन्थग्रन्थिम्’पासून आणि पुढच्या ‘श्लोककूटम्’पासून तोडली, की ती खरोखरच एखाद्या ग्रंथाच्या मोजमापासारखी दिसते. ‘अहं वेद्मि’ याचा अर्थ ‘मला त्यांचा अर्थ कळतो’ असा न घेता ‘मला ते ठाऊक आहेत’ असा घेतला, तर व्यास आपला मूळ ग्रंथ कोणाकोणाला मुखोद्गत आहे हे सांगत आहेत असा भास होतो. पदे चुकीच्या जागी तोडली की अर्थ फिरतो, हे कूटश्लोकाचे तंत्र या श्लोकाच्या बाबतीत वाचणाऱ्यांकडून नकळत घडले.

‘जय’ हे नाव आणि ८,८०० ही संख्या मुळात कोठेही एकत्र येत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. ‘जय’ हा शब्द आपल्याला मिळतो तो इतिहासाचे नाव म्हणून, आणि ज्याला विजयाची इच्छा आहे त्याने तो ऐकावा अशा फलश्रुतीच्या संदर्भात. तेथे श्लोकसंख्या नाही. संख्या मिळते ती गणेशाच्या उताऱ्यात, आणि तेथे ‘जय’ नाही. दोन्हींची गाठ नंतरच्या अभ्यासकांनी बांधली.

कूटश्लोक म्हणून हा आकडा घेतला तर तो खरा आहे का, असा प्रश्न उरतो. लक्ष श्लोकांत ८,८०० म्हणजे साधारण दर अकरा-बारा श्लोकांमागे एक गाठ. महाभारत सलग वाचणाऱ्या कोणालाही हे प्रमाण फार वाटेल, कारण त्याची शैली बहुतांशी सरळ आणि ओघवती आहे. वर उलगडलेल्या श्लोकासारखी स्थळे पुष्कळ अंतराने भेटतात. ‘आठ हजार आणि आठशे’ या संख्येतील आठांची पुनरुक्ती पाहता ती मोजून काढलेली नसून कथेच्या डौलासाठी योजलेली असावी, असे मला वाटते. कथेला गणेशाची लेखणी अडवायची होती आणि तेवढ्यासाठी मोठी संख्या हवी होती.

शिकवताना आणि लिहिताना या प्रकरणातून करायचा बदल लहान आहे. २४,००० आणि एक लक्ष या संख्या त्यांच्या आधारांसह सांगाव्यात. व्यासांच्या आद्य रचनेला श्लोकसंख्या जोडू नये. ८,८०० हा आकडा सांगायचाच असेल तर तो गणेश आणि व्यास यांच्या अटींच्या कथेत, कूटश्लोकांची परंपरेने मानलेली संख्या म्हणून सांगावा, आणि ही कथा चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे एवढे सोबत नोंदवावे.